मंत्रालयातून घेतलेले माप

डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी सरकार नागपुरात येते. विधानभवनाभोवतीचे रस्ते बांबूच्या कठड्यांनी बंद होतात, रविभवनाच्या बंगल्यांना नवा रंग लागतो आणि सिव्हिल लाइन्समध्ये कामाला जाणारी माणसे आठवडाभर वळसा घालून जातात. यशवंत स्टेडियमकडून मोर्चे निघतात. मी दरवर्षी एखाद्या दिवशी मुद्दाम मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला जाऊन उभी राहते. पोलिसांनी अडवलेल्या त्या गर्दीत आशा सेविका असतात, अंगणवाडीच्या बाया असतात, वर्षानुवर्षे बिनपगारी शिकवणारे विनाअनुदानित शाळांचे शिक्षक असतात, अनुसूचित जमातींच्या यादीत नाव नाही म्हणून आलेले समाज असतात. ‘सरकारने आमच्यातून बाजूला व्हावे’ असा फलक मी तिथे कधी पाहिला नाही. रस्त्यावर बसलेल्या प्रत्येकाला सरकार हवे असते. कुणाला पगार हवा, कुणाला अनुदान, कुणाला दाखला.

याच शहरात उलट बोलणारेही खूप आहेत. राज्य सरकार अवाढव्य झाले, जिथेतिथे नाक खुपसते, बांधकामापासून दुकानाच्या पाटीपर्यंत सगळीकडे त्याची परवानगी लागते, ही तक्रार व्यापाऱ्यांकडून, डॉक्टरांकडून, घर बांधायला निघालेल्या नोकरदारांकडून मी सतत ऐकते. तीही खोटी नाही. २०२५-२६ चा राज्याचा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा झाला आणि त्या वर्षाअखेर कर्ज नऊ लाख कोटींच्या पलीकडे जाईल असा सरकारचाच अंदाज होता. एवढा पैसा ज्याच्या हातून जातो त्याची सावली लांब पडणारच.

दोन्ही बाजूंचे लोक खरे बोलत असतील तर प्रश्न आकाराचा नाही, असे मला वाटते. आपले राज्य सरकार हुकमाने वाढले आहे आणि हाताने रोडावले आहे. जिथे प्रत्यक्ष माणूस लागतो, म्हणजे आरोग्य केंद्रात, वर्गात, पटवाऱ्याच्या टेबलावर, तिथे पद रिकामे किंवा एका माणसाकडे तीन गावांचा चार्ज. आणि जे गावाने, शाळेने, वॉर्डाने आपापसात बसून ठरवावे त्यासाठी मुंबईचा जीआर, म्हणजे शासन निर्णय. हा वाढलेला हुकूम आभाळातून पडलेला नाही. तो जिल्हा परिषदेकडून, महापालिकेकडून, शाळेच्या समितीकडून थोडा थोडा करून काढून घेतलेला आहे. माझे भांडण त्याच्याशी आहे.

शाळेच्या गणवेशाचे उदाहरण घ्या. समग्र शिक्षा योजनेत एका मुलाच्या दोन गणवेशांसाठी सहाशे रुपये मिळतात. पूर्वी हे पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडे यायचे. समितीत आईबापच असतात. ते कापड ठरवायचे, गावातला किंवा जवळच्या बाजारातला टेलर ठरवायचे. मी स्वतः पाहिलेले आहे: टेलर एका सकाळी टेप घेऊन व्हरांड्यात येतो, पोरे ओळीने उभी राहतात, मॅडम वहीत छाती, उंची, कंबर लिहून घेतात. बारीक असलेल्या पोराची आई सांगते, भाऊ, थोडा ढिला ठेवजा, वर्षभर पुरला पायजे. टेलर मान हलवतो आणि दोन इंच जास्त धरतो. सहाशे रुपयांत दोन ड्रेस बसवणे सोपे नव्हते, कापड हलके यायचे, कुठे कुठे समितीचे अध्यक्ष आणि दुकानदार यांचे गूळपीठही असायचे. पण ड्रेस बिघडला तर टेलरचे घर माहीत असायचे.

२०२४-२५ साली सरकारने ‘एक राज्य, एक गणवेश’ ठरवले. सबंध महाराष्ट्रासाठी कापडाची खरेदी एकाच ठिकाणाहून, कापलेले कापड जिल्ह्यांना, शिलाई बचत गटांकडे, एक नेहमीचा ड्रेस आणि एक स्काउट-गाइडचा. हेतू चांगला असेल. बचत गटांच्या बायकांना काम मिळावे हे कुणालाही पटेल. पण राज्यातल्या लाखो मुलांची छाती-कंबर इयत्तेवरून धरली गेली. चौथीतला प्रत्येक मुलगा एकाच मापाचा, असे मुंबईत बसूनच वाटू शकते. १५ ऑगस्ट उलटला तरी कित्येक शाळांत गणवेश पोहोचले नव्हते; जिथे पोहोचले तिथे कुणाला बाह्या लांब, कुणाला चड्डी कमरेत बसेना. झेंडावंदनाला पोरे मागच्या वर्षीच्या कपड्यांत उभी होती. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून काम परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले.

चूक दुरुस्त केली हे मी मोकळेपणाने मान्य करते. सगळी सरकारे करत नाहीत. पण मला छळणारा प्रश्न निराळा आहे. ज्या समित्या हे काम बरेवाईट करत होत्या, त्यांच्याकडून ते काढून घेताना त्यांना कुणी विचारले होते का? आणि परत देताना तरी विचारले का? दोन्ही वेळा कागद वरून खाली आला. समितीला देणेही सरकारच्या मर्जीवर आणि काढून घेणेही.

पुढच्याच वर्षी परीक्षांचे आले. पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा कधी घ्यायच्या याचे सबंध राज्यासाठी एकच वेळापत्रक २०२५ साली पुण्याहून निघाले, २५ एप्रिलपर्यंत परीक्षा चालवणारे. पुण्यात एप्रिल कसा असतो मला ठाऊक आहे, मी तिथे राहिलेली आहे. नागपुरात एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पारा ४२-४३ वर असतो. सकाळी दहालाच रस्ता तापतो, जिल्हा परिषदेच्या शाळांवरचे पत्रे तर बाराच्या आत हात लावू देत नाहीत. विदर्भातल्या शाळा जूनमध्ये बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा सुरू होतात त्या याच उन्हामुळे. म्हणजे आमचे ऊन सरकारच्या दप्तरी नोंदलेले आहे. तरी वेळापत्रक काढताना ते आठवले नाही. जिल्हा परिषदेला स्वतःच्या शाळांच्या परीक्षेची तारीख ठरवता येऊ नये, इतके तिचे काय बिघडले आहे? १९६१ चा जिल्हा परिषदांचा कायदा आला तेव्हा देशात महाराष्ट्राचे नाव झाले होते. प्राथमिक शिक्षण, आरोग्य, रस्ते, पाणी हे जिल्ह्याने बघायचे अशी ती व्यवस्था होती, आणि सरपंच, सभापती, अध्यक्ष या पायऱ्या चढून माणसे मंत्रालयात पोहोचली. आज त्याच परिषदेच्या शाळेतला शिक्षक सकाळी खिचडीचा फोटो अपलोड करतो, दुपारी आधार जुळत नसलेल्या मुलांची यादी भरतो आणि उरलेल्या वेळात शिकवतो. माहिती सतत वर जाते. उत्तर म्हणून खाली येतो तो नवा फॉर्म.

औषधांचेही तसेच झाले. २०१७ पासून सरकारी दवाखान्यांची औषधखरेदी मुंबईतल्या एका महामंडळाकडे एकवटली आणि २०२३ मध्ये त्यासाठी वेगळे प्राधिकरण काढावे लागले. एकत्र घेतले तर स्वस्त पडते हा हिशेब कागदावर बरोबर आहे. पण विदर्भच काय, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणातूनही लोक ज्या नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांवर विसंबून येतात, तिथे या आठवड्यात काय संपले हे वॉर्डातल्या सिस्टरला आधी कळते. तिच्यापासून खरेदीचा निर्णय जितका लांब, तितक्या ‘बाहेरून आणा’ च्या चिठ्ठ्या जास्त.

आता नाक खुपसण्याबद्दल. आमच्या शेजारी एक काकू राहतात, सत्तरीच्या, एकट्या. आयुष्यभर चार घरची धुणीभांडी केली. त्यांना निराधार योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये मिळतात, आणि त्या पैशावर त्यांचा गॅस आणि बीपीच्या गोळ्या चालतात. दरवर्षी त्यांना हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. मागच्या वेळी मी त्यांच्यासोबत कचेरीत गेले होते. कोणती कचेरी ते सांगत नाही, कारण त्या खिडकीतला पोरगा वाईट नव्हता. मशीनवर त्यांचा अंगठा उमटेना. भांडी घासून घासून रेषा पुसल्या गेल्या होत्या. त्याने डावा घेतला, मग पहिले बोट, मग ओल्या फडक्याने पुसून पुन्हा अंगठा. सहा वेळा लाल दिवा लागला. शेवटी तो म्हणाला, काकू, असे होत नाही, बँकेतून किंवा डॉक्टरकडून लिहून आणा. काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मी सोता येऊन बसली इथं, अन् हा म्हणते जिवंत असल्याचा कागद आणा.” त्या चिडल्या नव्हत्या. त्यांना खरोखर कळत नव्हते. त्या पोरालाही कळत होते की हे चुकीचे आहे, पण समोर बसलेल्या बाईला ओळखण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही. तो अधिकार मशीनला आहे, मशीनचा सर्व्हरला, आणि सर्व्हर कुठे आहे ते आम्हा तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हते.

त्याच योजनेची उत्पन्नमर्यादा वर्षाला एकवीस हजार रुपये अशी चालत आलेली आहे. महिन्याला सतराशे पन्नास. कुटुंबाचे उत्पन्न एवढे आहे असा दाखला आणल्याशिवाय निराधार ठरता येत नाही. नागपुरात एखाद्या झोपडीचे भाडेही त्यात भागत नाही, हे दाखला मागणाऱ्याला, लिहिणाऱ्याला आणि सही करणाऱ्याला ठाऊक असते. तरी तो आकडा लिहिला जातो, कारण लिहिला नाही तर म्हातारी उपाशी राहील. म्हणजे सरकार आपल्या सर्वांत गरीब माणसाला दरवर्षी खोटे बोलायला लावते आणि आपल्याच कर्मचाऱ्याला त्याखाली सही करायला लावते. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठरली आणि रक्कम तीच, दीड हजार. त्या योजनेला माझा विरोध नाही. बाईच्या हातात पैसा गेला की घरात तिचा आवाज थोडा वाढतो, हे मी आजूबाजूला पाहते. पण त्याच सरकारच्या दोन खिडक्यांवर गरिबीची दोन मापे, एक दुसऱ्याच्या जवळजवळ बारापट, हे कुणी एका टेबलावर ठेवून पाहिले नाही. पुढे त्या योजनेच्या ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला. नवरा गेलेला, बाप गेलेला, अशा बाईने कुणाचा द्यायचा, हे नियम निघाल्यावर सुचले. आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीच्या बाईला आधी विचारले असते तर तिने दोन मिनिटांत सांगितले असते.

दाखल्यासाठी माणसे किती जिवावर उदार होतात ते नागपूर विसरू शकत नाही. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, अधिवेशनाच्या काळात, गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाकडे आला होता. आम्हाला अनुसूचित जमाती म्हणून मान्यता द्या, एवढेच मागणे. कुणी मंत्री भेटायला बाहेर आला नाही, संध्याकाळी लाठीमार आणि पळापळ झाली आणि ११४ माणसे चेंगरून मेली, त्यात बायका आणि लेकरेच जास्त. सीताबर्डीतल्या उड्डाणपुलाला त्या शहीद गोवारींचे नाव आहे. आपण रोज त्यावरून जातो. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. यादी बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे, हे खरे. पण त्या संध्याकाळी दारात उभ्या असलेल्या माणसांशी बोलायला बाहेर येण्यासाठी कोणत्याही यादीत दुरुस्ती लागत नव्हती.

महापालिकेबद्दल लिहिताना मला राग येतो, तो लपवत नाही. नागपूर महापालिका १९५१ ची. या शहराला आपला स्वतंत्र महापालिका कायदा होता, १९४८ चा. पुढे तो रद्द करून आम्हाला बाकी शहरांच्या कायद्यात बसवले गेले. पालिकेची स्वतःची मोठी कमाई जकातीची होती. जकात वाईट होती, नाक्यांवरचा भ्रष्टाचार आणि ट्रकांच्या रांगा मी विसरलेली नाही. २०१३ मध्ये तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांपुरता तोही गेला, २०१७ मध्ये जीएसटी आला. या चार वर्षांत शहर कमावणारे होते ते मुंबईच्या अनुदानाची वाट पाहणारे झाले. त्यातच नागपूर सुधार प्रन्यास, १९३६ च्या कायद्याचा, आणि २०१७ पासून महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. या दोन्हींवर नागपूरकर मत देऊन कुणाला बसवत नाहीत. गुंठेवारीच्या ले-आऊटमध्ये राहणाऱ्या माणसाला विचारा, तुमच्या गल्लीतली गडरलाइन (सांडपाण्याची वाहिनी) कुणी टाकायची? तो हसून दोन दिशांना बोट दाखवेल.

संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने अठरा विषय शहरांकडे द्यावेत अशी अपेक्षा ठेवली आणि पालिकेची मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी असे स्पष्ट लिहिले. नागपूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मतदान झाले जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे चोवीस लाखांचे हे शहर (हा २०११ च्या जनगणनेचा आकडा, आता किती तरी वाढला असेल) प्रशासकाने चालवले. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, तो खरा आणि गंभीर होता. सगळे खापर मी राज्य सरकारवर फोडत नाही. पण त्याच काळात प्रभाग एकाचा, तीनाचा की चाराचा हे तर सरकारांनीच उलटसुलट केले ना? २००७ ला एकसदस्यीय, २०१२ ला दोनसदस्यीय, २०१७ ला चारसदस्यीय; मग नव्या सरकारने एक केला, पुन्हा तीन केले, त्याच्यानंतरच्याने परत चार. सरपंच थेट निवडायचा की सदस्यांमधून, तेही २०१७, २०२० आणि २०२२ असे तीनदा फिरले. मुंबईत जो पक्ष बसतो त्याला जे सोयीचे, तो गावाचा कायदा. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की चार महिन्यांत निवडणुका घ्या.

चार वर्षे नगरसेवक नसले तर काय बिघडते, असे मला सुशिक्षित माणसांनीच विचारले आहे. नगरसेवक चोर, प्रशासक स्वच्छ, असा त्यांचा समज. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलावाचे पाणी ओसंडून नागनदीकाठच्या वस्त्यांत आणि दुकानांत शिरले, एका रात्रीत लोकांचे संसार चिखलात गेले. त्या पहाटे लोकांनी फोन केले ते माजी नगरसेवकांनाच. माजी होते तरी तेच उचलत होते, कारण त्यांना पुन्हा त्याच गल्लीत मत मागायचे होते. बदलीवर आलेल्या अधिकाऱ्याला ती गल्ली माहीत असण्याचे कारण नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

राज्यकर्ते दिल्लीबद्दल काय बोलतात ते आठवा. सेस लावतात आणि आम्हाला वाटा देत नाहीत, योजना त्यांच्या आणि खर्च आमचा, परवानगीसाठी आम्ही दिल्लीच्या चकरा मारायच्या का, राज्य म्हणजे काय नगरपालिका आहे? हे शेवटचे वाक्य तर विरोधी पक्षात असताना सगळेच म्हणतात. त्यातली तक्रार मला मान्य आहे. पण नगरपालिकेशी असे वागणे चालते, हे त्या वाक्यात गृहीत धरलेले आहे, आणि ते कुणाला खटकत नाही. जिल्हा नियोजन समितीत पाच भागांपैकी चार भाग सदस्य स्थानिक संस्थांनी निवडलेले असावेत असे संविधान सांगते. आपल्याकडे तिच्या डोक्यावर पालकमंत्री बसतो.

माझे वेगळ्या विदर्भवाल्या मित्रांशीही इथेच वाजते. विदर्भाला महाराष्ट्रात येताना आश्वासने देणारा १९५३ चा नागपूर करार, १९५५ चा फाझल अली आयोग ज्याने विदर्भाचे वेगळे राज्य सुचवले होते, नागपूरची गेलेली राजधानी, एप्रिल २०२० मध्ये मुदत संपलेले वैधानिक विकास मंडळ, सगळे मला तोंडपाठ आहे. वर्षातून एक अधिवेशन इथे घेण्याचा शब्दही कसा पाळला जातो ते आपण बघतो: २०२० आणि २०२१ ला अधिवेशन इथे झालेच नाही, २०२४ ला सहा दिवसांत आटोपले. अन्याय झाला आहे. पण उद्या राज्य मिळाले आणि गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाला असलेल्या सिरोंच्याच्या शाळेचा गणवेश नागपुरात ठरू लागला, भामरागडच्या पटवाऱ्याची बदली सिव्हिल लाइन्समधून होऊ लागली, तर तिथल्या माणसाच्या हाती काय आले? त्याच्यासाठी मुंबई फक्त जवळ येईल.

आता माझ्या विरुद्धचा सर्वांत वजनदार मुद्दा. तो मला बाहेर शोधावा लागत नाही, दीक्षाभूमी माझ्या घरापासून दोन किलोमीटरवर आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत खेड्याच्या स्तुतीवर घणाघात केला होता. स्थानिक संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे ते घर आहे असा त्यांचा आशय होता, आणि म्हणून संविधानाने व्यक्तीला घटक मानले याचा त्यांना आनंद होता. ज्याला गावाच्या विहिरीवर चढू दिले नाही, त्याच्यासाठी लांबचे सरकार हा आधार होता. गावाला सगळे अधिकार द्या म्हणताना गावात कुणाचे राज्य चालते हे विसरून कसे चालेल? माझ्या एका सहकाऱ्याने मला तोंडावर सांगितले होते: ताई, तुमच्या गावाने तुम्हाला घर दिले, आमच्या गावाने आम्हाला गावकुसाबाहेर ठेवले, आम्हाला तहसीलदार लांबचाच बरा. मी त्याला उत्तर देऊ शकले नाही, आणि आजही त्याचे म्हणणे खोडून काढायचे नाही.

म्हणून मी सरसकट ‘सरकारने लांब राहावे’ म्हणत नाही. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा, सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा. हे दोन्ही कायदे म्हणजे सरकारने गावात, जातीत, देव्हाऱ्यापर्यंत जाऊन केलेला हस्तक्षेप आहे, आणि मला त्यांचा अभिमान आहे. जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या घराच्या दारात पोलीस उभा राहिला पाहिजे, आणि तो गावच्या पाटलाला न जुमानणारा असला पाहिजे. बलवानाच्या आणि दुबळ्याच्या मध्ये सरकार आले तर ते त्याचे कामच आहे. पण चौथीतल्या पोराची कंबर किंवा काकूंचा अंगठा यांच्या मध्ये येऊन ते कोणत्या दुबळ्याला वाचवते? तिथे ते स्वतःच बलवान असते. आणि पाहा, बहिष्काराची तक्रार घेऊन माणूस ठाण्यात गेला तर आपसात मिटवा म्हणणारे सरकार तेच असते. जिथे घुसायला हवे तिथे लाजते.

घुसू नये तिथे मात्र नवीन दारे उघडते. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचाही मिळतो. तो काढून पिणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मी दारूची बाजू घेत नाही. वर्ध्याला १९७४ पासून आणि गडचिरोलीला १९९३ पासून बंदी आहे, गडचिरोलीच्या बंदीमागे बायकांचे मोठे आंदोलन होते आणि त्याचा मला आदर आहे. पण जो कायदा सगळेच मोडतात तो शिपायाच्या खिशात राहतो आणि ज्याच्यावर राग असेल त्याच्यावर निघतो. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक संमत केले तेव्हाही माझी भीती हीच होती. माओवादी हिंसेने गडचिरोलीत आदिवासी आणि पोलीस दोघांचीही माणसे गेली आहेत, ती झळ विदर्भाला माहीत आहे. पण एखादी संघटना बेकायदा ठरवण्याची ताकद इतक्या सैल शब्दांत सरकारच्या हाती दिली की टी-पॉइंटवर बसलेल्या बायांची संघटना आणि जंगलातली संघटना यांच्यातला फरक कायद्यात राहत नाही, तो अधिकाऱ्याच्या मनात राहतो.

मला काय हवे ते साधे आहे. शाळेचा ड्रेस, खिचडी, परीक्षेच्या तारखा, इमारतीची डागडुजी शाळेची समिती आणि जिल्हा परिषद ठरवेल, आणि हे कायद्यात लिहा, म्हणजे पुढच्या मंत्र्याला एका जीआरने काढून घेता येणार नाही. पैशाचा वाटाही कायद्याने बांधा, कृपेने पाठवू नका. पैसा खाल्ला जाईल ही भीती असेल तर हिशेब शाळेच्या भिंतीवर रंगवा. गावातली बाई तो वाचते, मंत्रालयातला लेखापाल वाचत नाही. शहराच्या कारभाराचे तुकडे पाडणाऱ्या, मतदाराला उत्तर न देणाऱ्या संस्था महापालिकेखाली आणा. आणि वरच्या सरकारने तीन-चार गोष्टी तरी जिवापाड कराव्यात: डॉक्टर आणि शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरणे, पोलीस आणि न्याय गरिबापर्यंत नेणे, जात आणि पैशाच्या दादागिरीपुढे उभे राहणे. एवढे केले तर सात लाख कोटींबद्दल माझी तक्रार नाही, दहा लाख कोटी करा.

जीआरमध्ये वरच्या बाजूला बहुधा ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ असा शब्द असतो. त्याखाली आधीच्या जीआरची यादी असते, आणि शेवटी राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने सही. मी असे शेकडो वाचले आहेत. एकाही यादीत ‘अमुक ग्रामसभेचा ठराव’ असे संदर्भ म्हणून आलेले मला आठवत नाही.

जानेवारीत नागपूरने १५१ नगरसेवक निवडून दिले. आमच्या प्रभागाच्या चौघांपैकी एक जण परवा भेटले, तेव्हा मी काकूंचे सांगितले. ते म्हणाले, ते आमच्याकडे येत नाही ताई, पण मी फोन करतो. त्यांनी खरेच केला. या नोव्हेंबरात आम्ही पुन्हा जाणार आहोत. काकूंनी एक पिशवी वेगळी ठेवली आहे: रेशनकार्ड, आधार, पासबुक, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, त्याच्या चार झेरॉक्स, आणि व्हॅसलीनची डबी. कुणीतरी सांगितले आहे की महिनाभर आधीपासून रात्री बोटांना लावले तर अंगठा उमटतो.